मुंग्यांना एक माप, माणसांना दुसरे

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात सुरुवातीच्या पानांवरच 'पुराणाश्मयुग' आणि 'नवाश्मयुग' हे दोन शब्द भेटतात. मुलांना ते उच्चारायला जड जातात, परीक्षेत त्यांच्यावर प्रश्न येतो, आणि वर्ष संपले की ते विसरले जातात. ज्या इंग्रजी शब्दांवरून हे मराठी शब्द आले, ते शब्द कोणी घडवले आणि कशासाठी, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. ते घडवणारा माणूस पुरातत्त्वाचा प्राध्यापक नव्हता. लंडनमध्ये त्याची वडिलोपार्जित पेढी होती, तो पार्लमेंटचा सभासद होता, आणि या दोन्ही उद्योगांतून उरलेल्या वेळात तो घरी मुंग्या पाळत असे.

या माणसाचे नाव जॉन लबक (१८३४-१९१३). त्याचे चरित्र रंजक आहे आणि ते आम्ही थोडक्यात सांगणारही आहोत. पण आमचा खरा रोख त्याच्या दोन पुस्तकांवर आहे. १८६५ सालचे 'प्रीहिस्टॉरिक टाइम्स' हे माणसांविषयीचे, आणि १८८२ सालचे 'अँट्स, बीज अँड वास्प्स' हे मुंग्या-मधमाश्यांविषयीचे. दोन्ही एकाच हाताची, पण पुरावा तपासण्याची दोन पुस्तकांतली रीत इतकी वेगळी आहे की दोन वेगळ्या माणसांनी ती लिहिली असावीत असे वाटते. विज्ञान शिकवणाऱ्यांनी या फरकाकडे जरूर पाहावे.

लबकचे वडील बँकर तर होतेच, शिवाय गणिती आणि खगोलशास्त्रज्ञही होते. भरती-ओहोटीवर त्यांचे काम आहे. केंट परगण्यात डाउन या खेड्याजवळ त्यांचे घर होते. १८४२ साली वडील मुलाला म्हणाले, तुझ्यासाठी एक आनंदाची बातमी आहे. आठ वर्षांच्या जॉनला वाटले, आता आपल्याला तट्टू मिळणार! बातमी निघाली ती अशी, की चार्ल्स डार्विन नावाचे गृहस्थ गावात राहायला येत आहेत. मुलगा हिरमुसला, असे त्याच्या चरित्रांत सांगतात. पण याच शेजाऱ्याने पुढे त्याच्या वडिलांना गळ घालून मुलाला सूक्ष्मदर्शक घेऊन द्यायला लावला.

पेढीला माणूस हवा होता, म्हणून चौदा-पंधराव्या वर्षीच जॉनची शाळा सुटली. विद्यार्थी म्हणून विद्यापीठाची पायरी तो कधी चढला नाही. (पुढे लंडन विद्यापीठाच्या मतदारसंघातूनच तो १८८० ते १९०० अशी वीस वर्षे पार्लमेंटात होता, ही त्यातली गंमत.) दिवसा हिशेब आणि रात्री सूक्ष्मदर्शक असा त्याचा क्रम. डॅफ्निया या पाण्यातल्या चिमुकल्या जीवाच्या प्रजननावरचा त्याचा शोधनिबंध १८५७ साली प्रसिद्ध झाला आणि चोविसाव्या वर्षी तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. निरीक्षण म्हणजे काय आणि पडताळा म्हणजे काय, हे त्याला 'प्रीहिस्टॉरिक टाइम्स' लिहिण्यापूर्वीच चांगले ठाऊक होते. हा मुद्दा पुढे लागणार आहे, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

त्या काळी मानवाचे प्राचीनत्व हा विषय तापलेला होता. फ्रान्समध्ये सोम नदीच्या खडी-वाळूच्या थरांत, नामशेष झालेल्या प्राण्यांच्या हाडांबरोबर, माणसाने घडवलेली दगडी हत्यारे सापडली होती. १८६० साली लबक तेथे जाऊन आला. डेन्मार्कच्या किनाऱ्यावरील शिंपल्यांचे प्रचंड ढिगारे, म्हणजे प्राचीन वस्त्यांचे उकिरडेच, त्याने पाहिले. स्वित्झर्लंडच्या तळ्यांकाठी सापडलेल्या खांबांवरच्या वस्त्या पाहिल्या. कोपनहेगनच्या संग्रहालयातील वस्तू लावताना टॉमसेनने दगड, कांसे आणि लोखंड अशी तीन युगे मानली होती. लबकने त्यातल्या दगडाच्या युगाचे दोन भाग केले. मॅमथसारख्या लुप्त प्राण्यांच्या सोबतीने राहणाऱ्या आणि दगड फोडून हत्यार करणाऱ्या माणसांचा काळ तो पुराणाश्मयुग. घासून गुळगुळीत केलेल्या दगडी हत्यारांचा नंतरचा काळ तो नवाश्मयुग. थर, हाडे आणि हत्यार ही तिन्ही एकत्र पाहून केलेली ही विभागणी होती, म्हणूनच ती टिकली. पुढे तिचा अर्थ बदलला. आज नवाश्मयुग म्हटले की आपण गुळगुळीत दगडाआधी शेती आणि पशुपालन यांचा विचार करतो. मध्ये मध्याश्मयुगही आले. पण चौकट त्याचीच राहिली.

पुस्तकाचा हा भाग आजही वाचनीय आहे. लेखक स्वतः जागेवर गेला आहे, त्याने वस्तू हाताळल्या आहेत, आणि कोणती गोष्ट कोणाकडून घेतली याबद्दल तो काटेकोर आहे. इतका, की आपल्या लेखांतला मजकूर ऋणनिर्देश न करता वापरल्याबद्दल त्याने चार्ल्स लायलसारख्या ज्येष्ठ भूगर्भशास्त्रज्ञालाही प्रस्तावनेत टोकले.

आता मुंग्यांकडे वळू. काचेच्या दोन तुकड्यांत मुंगीला फिरता येईल इतपतच फट ठेवायची, तिच्यात बारीक माती भरायची, आणि वर झाकण घालून अंधार करायचा. झाले वारूळ तयार! झाकण उचलले की आतला सगळा कारभार उघडा. एकेका मुंगीवर रंगाचा ठिपका देऊन लबक तिच्यावर तासन् तास नजर ठेवी आणि मिनिटामिनिटाची नोंद करी. १८७४ साली आणलेली एक राणी त्याच्याकडे १८८८ पर्यंत जगली. मुंगी इतकी वर्षे जगू शकते, हे त्यापूर्वी कोणाला माहीत नव्हते.

पण आम्हाला त्याच्या चिकाटीपेक्षा त्याच्या प्रश्न विचारण्याच्या पद्धतीचे कौतुक वाटते. वारुळात हजारो मुंग्या असतात, तरी परकी मुंगी शिरली की ती लगेच ओळखली जाते. हे कसे? त्यांची काही परवलीची खूण असते, असा तर्क मांडला गेला होता. लबकने विचार केला, मुंगी बेशुद्ध असली तर ती खूण देऊ शकणार नाही. त्याने काही मुंग्यांना क्लोरोफॉर्म दिला. पण इतर मुंग्यांनी त्यांना मेलेल्या समजून घरची काय नि परकी काय, पाण्यात नेऊन टाकले. प्रयोग फसला. मग त्याने मुंग्यांना दारू पाजली! झिंगलेल्या मुंग्यांपैकी घरच्या बहुतेक उचलून वारुळात नेल्या गेल्या आणि परक्या बहुतेक पाण्यात फेकल्या गेल्या. म्हणजे ओळख पटण्यासाठी खूण देण्याची गरज नव्हती. तेवढ्यावर न थांबता त्याने वारुळातले कोष काढून वेगळे वाढवले आणि त्यांतून बाहेर पडलेल्या मुंग्या मूळ वारुळात सोडल्या. त्यांनाही घरच्यांनी सामावून घेतले. खूण शिकण्याची संधीच ज्यांना मिळाली नव्हती त्यांचीही ओळख पटली. मुंग्यांच्या अंगावरील हायड्रोकार्बनांच्या पातळ थराचा वास ही त्यामागची गोष्ट आहे, हे आज आपल्याला माहीत आहे. लबकला ते कळले नाही. पण काय नाही, हे त्याने पक्के केले.

प्रकाशाचा प्रयोग तर कोणत्याही वर्गात सांगावा असा आहे. वारुळावर उजेड पडला की मुंग्या कोष उचलून अंधारात नेतात. लबकने वारुळावर वेगवेगळ्या रंगांच्या काचा ठेवल्या. आपल्या डोळ्यांना जांभळी काच गडद दिसते, पण मुंग्या तिच्याखालून कोष हलवीत आणि लाल काचेखाली नेऊन ठेवीत. मग त्याने वर्णपट पाडला. जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जेथे आपल्याला काहीच दिसत नाही, तेथूनही मुंग्यांनी कोष हलवले! पुढे त्याने कार्बन डायसल्फाइडचा थर वापरला. हा द्रव आपल्याला पाण्यासारखा स्वच्छ दिसतो, पण अतिनील किरण अडवतो. त्याखाली मुंग्या अंधार असल्यासारख्या राहिल्या. मुंग्यांना अतिनील प्रकाश जाणवतो, हा निष्कर्ष असा दोन्ही बाजूंनी बांधून काढलेला होता.

त्याच्या सगळ्याच प्रयोगांचे निष्कर्ष पुरे पडले असे नाही. रंगीत कागदांवर मध ठेवून मधमाश्यांना निळा रंग आवडतो असे त्याने दाखवले, पण माशी रंग ओळखते की त्याची उजळ-मंद छटा, हा प्रश्न त्यात सुटत नव्हता. पुढे कार्ल फॉन फ्रिश याने रंगीत चौकोनाभोवती करड्या रंगाच्या फिक्या-गडद छटांचे चौकोन मांडून ती उणीव भरून काढली. लबकने काय केले, किती वेळा केले, काय झाले आणि काय झाले नाही, हे सगळे छापलेले होते, म्हणून दुसऱ्याला त्यातली फट शोधता आली.

हाच माणूस माणसांविषयी लिहू लागतो तेव्हा काय होते ते पाहा.

'प्रीहिस्टॉरिक टाइम्स'च्या लांबलचक शीर्षकातच 'आधुनिक रानटी लोकांच्या चालीरीती' असे शब्द आहेत. शेवटची काही प्रकरणे त्यांना दिलेली आहेत. कल्पना अशी : पोटाला पिशवी असलेल्या लुप्त प्राण्याचे जीवाश्म समजून घेण्यासाठी भूगर्भशास्त्रज्ञ आजच्या ओपोसमकडे पाहतो, तसेच अश्मयुगीन माणूस समजण्यासाठी आजच्या टास्मानियन किंवा दक्षिण अमेरिकेच्या टोकावरील फ्यूजियन माणसाकडे पाहावे. हत्यारापुरती ही कल्पना चांगली आहे. एस्किमो लोक कातडे खरवडायला वापरतात ते दगडी हत्यार आणि फ्रान्सच्या गुहेत सापडलेले हत्यार सारखे दिसते, तेव्हा दुसऱ्याचा उपयोग काय असावा याचा अंदाज करता येतो, आणि हत्याराची झिजलेली धार पाहून तो तपासताही येतो. पण लबक हत्यारावरून माणसाच्या मनाकडे उडी मारतो. दगडाचे हत्यार ज्याच्या हातात, त्याची भाषा, नीती आणि धर्मकल्पनाही 'दगडाच्या युगातली' असे तो धरून चालतो. १८७० सालच्या 'द ओरिजिन ऑफ सिव्हिलायझेशन' या पुस्तकात त्याने धर्माच्या विकासाची शिडीच मांडली. तिच्या तळाच्या पायरीवर ज्यांना धर्मकल्पनाच नाही असे लोक आहेत.

हे त्याला कसे कळले? प्रवाशांच्या पुस्तकांवरून. उदाहरण आपल्याजवळचेच घेऊ. अंदमानच्या मूळ रहिवाशांना परमेश्वराची कल्पना नाही, धर्म नाही, असे त्याने डॉ. माउट यांच्या आधारे दिले. हे माउट १८५७-५८ च्या हिवाळ्यात काही आठवडे अंदमानला गेले होते. काम होते कैद्यांच्या वसाहतीसाठी जागा शोधण्याचे. मुक्काम मुख्यतः जहाजावर. बेटावरच्या लोकांशी चकमक झाली आणि एका माणसाला पकडून कलकत्त्याला नेण्यात आले. भाषेचा एक शब्द येत नाही, समोरचा माणूस बाण ताणून उभा आहे, आणि पाहुणा परत येऊन लिहितो की या लोकांना धर्म नाही! एखाद्याने वारुळाशेजारून घोड्यावरून जाताना पाहिले आणि मुंग्यांना वास येत नाही असे लिहिले, तर लबकने ते पुस्तकात घेतले असते काय?

१८८२ साली लबकचे मुंग्यांचे पुस्तक आले. जवळजवळ त्याच सुमारास लंडनच्या अँथ्रॉपॉलॉजिकल इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात ई. एच. मॅन यांचे अंदमानच्या लोकांवरील दीर्घ लेखन प्रसिद्ध झाले. मॅन पोर्ट ब्लेअरला अनेक वर्षे नोकरीस होते आणि तिथली भाषा शिकले होते. पुलुगा नावाची शक्ती, मृतांचे आत्मे, जगाच्या उत्पत्तीच्या कथा यांचे सविस्तर वर्णन त्यांनी केले. मॅन यांनीही ख्रिस्ती चष्म्यातून पाहिले, अशी टीका पुढे झाली. पण 'यांना धर्मकल्पनाच नाही' हे विधान त्यानंतर उभे राहू शकत नव्हते. आणि ही इन्स्टिट्यूट १८७१ साली स्थापन झाली तेव्हा तिचा पहिला अध्यक्ष होता जॉन लबक.

फ्यूजियन लोकांचेही तसेच. कडाक्याच्या हिवाळ्यात ते कुत्र्यांआधी म्हाताऱ्या बायकांना मारून खातात, ही गोष्ट डार्विन आणि कॅप्टन फिट्झरॉय यांच्या प्रवासवर्णनांत आहे, आणि लबकचे या लोकांचे चित्र अशाच प्रवासवर्णनांवर उभे आहे. पुढे टॉमस ब्रिजेस नावाचा मिशनरी त्यांच्यात कित्येक वर्षे राहिला. नरभक्षणाची गोष्ट ब्रिजेस कुटुंबाने साफ नाकारली. आणि ज्यांची भाषा म्हणजे घसा खाकरल्यासारखे आवाज असे म्हटले गेले होते, त्यांच्या भाषेचा सुमारे ३२,००० शब्दांचा कोश त्याने तयार केला.

कोणी म्हणेल, त्या काळात याहून वेगळे कोणाला सुचले असते? सुचले होते. ई. बी. टायलर याने १८७१ साली अशाच प्रवासवर्णनांवर बोट ठेवले. एका पानावर 'यांना धर्म नाही' म्हणणारा प्रवासी दुसऱ्या पानावर त्याच लोकांच्या भुताखेतांची आणि आत्म्यांची वर्णने करतो, हे त्याने दाखवून दिले. टायलरही विकासाच्या पायऱ्या मानणाराच होता. त्याने फक्त साक्षीदाराची उलटतपासणी केली.

लबकच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. त्याचे विरोधक, आर्चबिशप व्हेटली आणि ड्यूक ऑफ आर्गाइल यांच्यासारखे लोक, म्हणत की माणूस मुळात सुधारलेला होता आणि हे 'रानटी' लोक खाली घसरलेले आहेत; व्हेटलींच्या मते तर बाहेरच्या मदतीशिवाय त्यांना वर येता येणार नाही. लबकचे म्हणणे उलट होते. सगळी माणसे खालून वर आली आहेत आणि सगळ्यांना पुढे जाता येते. त्या वादात त्याचीच बाजू उदार होती. पण प्रत्येकाला एकाच शिडीवर उभे केले की कोणी वर आणि कोणी खाली हे ठरतेच, आणि शिडी मांडणारा स्वतःला कोठे उभा करतो ते सांगायला नको.

गंमत म्हणजे ही शिडी पार्लमेंटात त्याच्यावरच उलटली. १८७१ साली एव्हबरी येथील प्राचीन शिलावर्तुळाच्या जागेवर घरे बांधण्यासाठी जमीन विकली जात असल्याचे कळताच लबकने ती स्वतःच्या पैशाने विकत घेतली. अशी स्मारके वाचवण्यासाठी १८७३ साली त्याने विधेयक आणले. खासगी मालमत्तेवर घाला म्हणून ते वर्षामागून वर्षे फेटाळले गेले. विरोधकांचा आणखी एक युक्तिवाद असा होता, की रानटी पूर्वजांचे हे दगड जपायचे कशाला? रानटीपणाची मोजपट्टी ज्याने लोकप्रिय केली त्यालाच हे ऐकावे लागले. शेवटी १८८२ साली कायदा झाला तो अगदी मवाळ. मालकाची इच्छा असेल तरच सरकारने स्मारक ताब्यात घ्यायचे. पहिल्या यादीत ६८ स्थळे होती. तरीही ब्रिटनमधला या प्रकारचा तो पहिला कायदा, आणि १९०० साली सरदारकी मिळाली तेव्हा लबकने 'लॉर्ड एव्हबरी' हे नाव घेतले ते योग्यच होते.

राजकारणातली त्याची बाकीची कामेही कोरडी नाहीत. १८७१ च्या बँक हॉलिडे कायद्याने लोकांना चार सुट्ट्या मिळाल्या आणि लोक कौतुकाने त्या दिवसाला 'सेंट लबकचा दिवस' म्हणू लागले. १८८६ साली दुकानांत काम करणाऱ्या अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या कामावर आठवड्याला ७४ तासांची मर्यादा आली, तीही त्याच्याच खटपटीमुळे. आपल्याला ७४ हा आकडा भयंकर वाटतो. त्याआधी काय असेल याची त्यावरून कल्पना यावी. दुकानातल्या पोरांच्या तासांची मोजदाद करणारा हा माणूस निर्दय नव्हता. म्हणूनच त्याची चूक स्वभावावर ढकलून मोकळे होता येत नाही. ती पद्धतीची चूक होती.

आणि ती अजून आपल्या वर्गात आहे. 'आदिमानव' शिकवताना अजूनही ऐकू येते, "आपल्याकडचे आदिवासी आजही तसेच राहतात." असे म्हणणाऱ्या शिक्षकाने लबकचे नावही ऐकलेले नसेल, पण वाक्य त्याचेच आहे. समोर बाकावर कातकऱ्याची किंवा वारल्याची मुलगी बसलेली असते. तिचे आजोबा-पणजोबा अश्मयुगात राहत नव्हते. कातकरी खैराच्या लाकडापासून कात काढत, त्यावरूनच त्यांचे नाव पडले. कात काढायचा तर भांडी लागतात, विस्तवाची जाण लागते, गिऱ्हाईक आणि बाजार लागतो. पुढे इंग्रजांचे जंगल कायदे आले, १८७८ चा कायदा आला, आणि रान हातातून गेले. त्या मुलीच्या घरची आजची गरिबी या अलीकडच्या इतिहासातून आली आहे. तिला पुराणाश्मयुगाचा जिवंत नमुना म्हणणे हे विज्ञान म्हणूनही चूक आहे, कारण तिच्या आणि आपल्या घराण्यांमागे काळ अगदी सारखाच गेला आहे.

युगांची शिडीसुद्धा आपल्या मातीत सरळ बसत नाही. १८६३ साली रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरम येथे दगडी हत्यार सापडले, म्हणजे लबकचे पुस्तक येण्याच्या दोन वर्षे आधी. पुढे नेवाशाला प्रवरेच्या काठी सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून हातकुऱ्हाडींचा काळ आणि सूक्ष्म पात्यांचा काळ यांच्या मधला एक टप्पा पुढे आला. युरोपातल्या चौकटीवर विसंबून न राहता त्यांनी येथल्या नदीचे थर वाचले. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वी तेथे शेती करणारे लोक राहत होते. त्यांच्याजवळ तांबे होते आणि दगडाची पातीही होती, एकाच घरात, एकाच वेळी. तांबे महाग, दगड फुकट. ज्या कामाला दगड चालतो त्याला त्यांनी दगड वापरला. त्यांना शिडीच्या कोणत्या पायरीवर बसवणार?

आमची शिक्षकांना एक विनंती आहे. आपल्या शाळेतील पाठ्यपुस्तकात किंवा बाजारातून आणलेल्या तक्त्यावर 'आदिमानवा'चे चित्र असेल, ते मुलांसमोर ठेवून त्यांना विचारावे : यातली कोणती गोष्ट उत्खननात सापडू शकते आणि कोणती चित्रकाराने मनाने घातली? दगड, हाड आणि राख सापडेल. विस्कटलेले केस, काळा रंग, चेहऱ्यावरचा रागीट भाव आणि कमरेची पाने कोठून आली? मुलांनी केलेल्या दोन याद्या आमच्याकडे अवश्य पाठवाव्यात. शाळा आश्रमशाळा असेल तर तसेही कळवावे.